उसिक, क्रॉफर्ड, इनोए: आजच्या बॉक्सरना सर्वकालीन यादीत कुठे बसवायचं?

१९ जुलै २०२५ ला वेम्बलीत ओलेक्सांद्र उसिकने डॅनियल डुबॉआला पाचव्या राउंडमध्ये आडवं केलं आणि नेहमीचा वाद पुन्हा पेटला. हेवीवेटच्या इतिहासात हा गडी कितवा? दोनच महिन्यांत टेरेन्स क्रॉफर्डने लास व्हेगासमध्ये कानेलो आल्वारेसला हरवलं, त्याच आठवड्याच्या शेवटी नाओया इनोएने नागोयात अखमादालिएव्हला बारा राउंड नाचवलं, आणि वादाला आणखी दोन तोंडं फुटली. एका बाजूला शुगर रे रॉबिन्सननंतर काही घडलंच नाही असं मानणारी मंडळी. दुसऱ्या बाजूला जुनी फिल्म दोन मिनिटं पाहून ‘हे तर आज टिकलेच नसते’ म्हणणारी.

दोन्ही बाजूंना हिशेब मांडायचा कंटाळा असतो, म्हणून वाद संपत नाही. खाली दिलेली पद्धत मी याद्या करताना वापरतो. एक वही घ्या, हे तीन बॉक्सर घ्या आणि सोबत करून बघा. निकाल माझ्याहून वेगळा आला तरी बिघडत नाही. तो का आला हे सांगता आलं पाहिजे.

पायरी १: कोणती यादी करताय ते आधी ठरवा

‘सर्वात महान कोण’ या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात. कोणाचं कर्तृत्व मोठं? ऐन भरात कोण जास्त चांगला खेळायचा? आणि दोघांना टाइम मशीनमधून एका रिंगमध्ये आणलं तर कोण जिंकेल? तिसरा प्रश्न चहाच्या टपरीसाठी ठेवून द्या. उसिक आणि जो लुईस यांच्यात काय झालं असतं याचा पुरावा कुणाकडेच नाही, त्यामुळे तिथे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

उरलेल्या दोनमध्ये मी कर्तृत्वाला दोन वाटे देतो आणि क्षमतेला एक. असं का, ते रॉय जोन्स ज्युनियरकडे पाहून कळतं. १९९४ मध्ये त्याने जेम्स टोनीला ज्या सहजतेने हरवलं तसा वेग आणि टायमिंग फार कमी लोकांकडे होतं. क्षमतेत तो पहिल्या पाचात येईल. पण त्यानंतरच्या कित्येक वर्षांत समोर आलेली नावं बघा, निम्मी आज कुणाला आठवत नाहीत. इव्हँडर होलीफील्डचं नेमकं उलट आहे. जोन्सइतकी दैवी देणगी नव्हती, पण टायसन, बो, फोरमन, होम्स, लेनॉक्स लुईस असा जो कोणी मोठा होता त्याच्यासमोर तो उभा राहिला. हरला, पुन्हा आला. दोन वाटे कर्तृत्वाला दिले की होलीफील्ड वर जातो. हे पटत नसेल तर वाटे बदला, पण यादीच्या मध्यात बदलू नका.

पायरी २: शून्याचा मोह सोडा

रेकॉर्डमधला ‘० पराभव’ डोळ्यांना लगेच दिसतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. १९४३ चा फेब्रुवारी महिना घ्या. ५ तारखेला डेट्रॉइटमध्ये रॉबिन्सन जेक लामोटाशी लढला. तोवर चाळीस लढतींत त्याला एकही हार नव्हती. लामोटा त्याच्यापेक्षा तब्बल १६ पौंडांनी, म्हणजे सात किलोंहून जास्त वजनदार. आठव्या राउंडमध्ये त्याने रॉबिन्सनला दोरांतून बाहेर फेकलं, नऊ आकडे मोजून झाले आणि घंटा वाजली म्हणून तो वाचला. निकाल पराभवाचा. आजचा बॉक्सर यानंतर वर्षभर दिसला नसता. रॉबिन्सन १९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये जॅकी विल्सनशी लढून जिंकला आणि २६ तारखेला पुन्हा डेट्रॉइटमध्ये जाऊन लामोटाला हरवून आला. एका महिन्यात तीन लढती, त्यातल्या दोन अंगावर येणाऱ्या, वरच्या वजनी गटातल्या मिडलवेटशी. पुढची आठ वर्षं तो कुणाकडून हरला नाही.

आता फ्लॉइड मेवेदरचं ५०-० बघा. पन्नासावा विजय २०१७ चा, कॉनर मॅकग्रेगरवर. मॅकग्रेगरची ती व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिली लढत. रेकॉर्डच्या तक्त्यात तो विजय आणि २०१५ चा पॅकियाओवरचा विजय सारखेच दिसतात, दोघांसमोर ‘वि’ लिहिलेलं असतं. मेवेदर थोर होता यात वाद नाही, पण तो थोर आहे कोराल्स, कास्तियो, कॉटो, कानेलो यांच्यामुळे. पन्नास या आकड्यामुळे नव्हे.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. विजेंदर सिंगने व्यावसायिक कारकिर्दीत सलग १२ लढती जिंकल्या, त्यातली एक २०१७ मध्ये वरळीच्या एनएससीआयमध्ये. मार्च २०२१ मध्ये पणजीला कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. १२-० असताना तो जगातल्या पहिल्या वीसात होता का? नव्हता. आणि १२-१ झाल्यावर २००८ चं ऑलिंपिक पदक कमी मोलाचं झालं का? तेही नाही.

तेव्हा वहीत रेकॉर्ड उतरवून घ्या आणि त्यावर एक आडवी रेघ मारा. पुढच्या पायरीपासून नव्याने सुरुवात.

पायरी ३: पाच विजय, आणि त्या रात्रीचा प्रतिस्पर्धी

सगळ्या पद्धतीचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे वेळ काढा.

प्रत्येक बॉक्सरचे सर्वोत्तम पाच विजय लिहा. प्रत्येकासमोर प्रतिस्पर्ध्याचं नाव नको, त्या रात्रीची त्याची अवस्था लिहा. वय किती, आधीची लढत कधी आणि कशी झाली, वजन कुठून कुठे आणलं, जखम होती का, सामना कुणाच्या गावात, अटी कुणी ठरवल्या. मग भाव लावा: पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव, शून्य.

सरावासाठी रॉकी मार्सियानो घेऊ. ४९-० वर निवृत्त. १९५१ मध्ये त्याने जो लुईसला नॉकआउट केलं. लुईस ३७ वर्षांचा, पैशांसाठी परत आलेला: पाव. १९५२ मध्ये वॉलकॉट. वयाने ३८, पण गादीवरचा विजेता, आणि तेराव्या राउंडमध्ये तो ठोसा बसेपर्यंत गुणांत पुढे: पूर्ण. एझर्ड चार्ल्सवर १९५४ मध्ये दोनदा. चार्ल्सचा खरा बहर लाइट हेवीवेटला १९४० च्या दशकातच होऊन गेला होता: पाऊण. आर्ची मूर १९५५, चाळिशीकडे झुकलेला: पाऊण. नावं वाचली तर वाटतं याने चार दंतकथा संपवल्या. भाव लावला की कळतं त्यातल्या बहुतेक मावळतीला आलेल्या होत्या. आणि लॅरी होम्सचा १९८० मधला, पार उतरलेल्या अलीवरचा विजय? शून्य. होम्सलाही तो नको होता.

आता उसिक. त्याच्या वहीत मला एक गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही वहीत इतक्या ठळकपणे दिसली नाही, ती म्हणजे गावांची नावं. २०१६ मध्ये ग्लोवात्स्कीचा किताब त्याने पोलंडमध्ये जाऊन घेतला. २०१७ मध्ये मार्को हुकला बर्लिनमध्ये हरवलं. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिएदिसला त्याच्याच रीगामध्ये, जुलैमध्ये गासिएव्हला मॉस्कोत. क्रायमियात जन्मलेला युक्रेनियन २०१८ साली मॉस्कोत जाऊन रशियन विजेत्याला हरवतो आणि क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालचा गट) चारही संस्थांचे बेल्ट घेऊन येतो, ही गोष्ट बॉक्सिंगच्या पलीकडचीही आहे. मग बेल्यूला मँचेस्टरमध्ये आणि २०२१ मध्ये जोशुआला लंडनमध्ये. जवळच्या लढतीत यजमानाला झुकतं माप मिळतं हे बॉक्सिंगमधलं उघड गुपित, आणि हा माणूस दर वेळी तेच जोखीम पत्करून गेला. त्याचे पाच: फ्युरी दोनदा, जोशुआ पहिली लढत, गासिएव्ह, ब्रिएदिस. पहिल्या लढतीच्या वेळी फ्युरी अपराजित होता. आधीच्या लढतीत मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या एन्गानूने त्याला खाली पाडलं होतं हे मी धरतो, तरी पूर्ण. पाचांपैकी जेमतेम पाव कापता येतो.

क्रॉफर्डचे पाच: स्पेन्स, कानेलो, पोर्टर, पोस्तोल, गाम्बोआ. जुलै २०२३ मध्ये स्पेन्सला त्याने तीनदा पाडलं आणि नवव्या राउंडमध्ये संपवलं. अपराजित, तीन बेल्टचा मालक, भरातला वेल्टरवेट. पण स्पेन्स २०१९ च्या भयानक गाडी अपघातातून आणि मग डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेतून आलेला, लढतीही मोजक्याच केलेल्या: पाऊण. कानेलो ३५ चा, उतरणीला लागलेला, पण क्रॉफर्ड स्वतः ३७ चा आणि दोन गट वर चढून आलेला. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला की पूर्णच. बाकीचे तीन चांगले आहेत, थोर नाहीत. क्रॉफर्डच्या यादीतली पोकळी इथे दिसते.

इनोएचे पाच: डोनेर पहिली लढत, फुल्टन, अखमादालिएव्ह, रॉड्रिगेझ, नार्वाएझ. डोनेर तेव्हा ३६ चा होता, तरी त्या रात्री तो जसा लढला ते पाहता मी पाऊण देतो. १२२ पौंडांच्या गटातल्या पहिल्याच रात्री फुल्टनसारख्या विजेत्याला आठव्या राउंडमध्ये संपवणं: पूर्ण.

पायरी ४: वजनाचं नाणं बदलून घ्या

जुन्या काळी आठ वजनी गट होते आणि गटागणिक एक विजेता. आज सतरा गट आहेत आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था. त्यामुळे ‘पाच गटांत विजेता’ हे वाक्य १९३८ मध्ये आणि आज एकाच किमतीचं नाही. आणे-पैशांचा हिशेब रुपयांत करावा तसं हे बदलून घ्यायचं.

पद्धत सोपी आहे. आजचा गट जुन्या आठांत नसेल तर त्याच्या लगेच वरचा जुना गट धरा (आकडे पौंडांत). इनोएचे चार: १०८, ११५, ११८, १२२. जुन्या मापात १०८ म्हणजे फ्लायवेट, ११५ आणि ११८ दोन्ही बँटम, १२२ फेदर. चारचे तीन झाले. क्रॉफर्डचे पाच: १३५ लाइट, १४० आणि १४७ वेल्टर, १५४ मिडल, १६८ लाइट हेवी. पाचाचे चार. मॅनी पॅकियाओचे प्रसिद्ध आठ जुन्या मापात पाच होतात: फ्लाय, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल. तरीही तोंडात बोट घालावं असंच.

आता उलट बाजूने हेन्री आर्मस्ट्राँग बघा. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत त्याने फेदर, वेल्टर आणि लाइट हे तिन्ही किताब जिंकून एकाच वेळी जवळ ठेवले. १२६ ते १४७ या पट्ट्यात आज पाच गट आहेत, म्हणजे संस्थांच्या हिशेबाने वीस बेल्ट. क्रॉफर्डला तीन गटांत निर्विवाद विजेता व्हायला २०१७ ते २०२५ अशी आठ वर्षं लागली. त्याचा दोष नाही, एका गटातले चार बेल्ट गोळा करण्यातच निम्मं आयुष्य जातं. पण आर्मस्ट्राँगच्या वर त्याला ठेवणाऱ्याला मी हे दहा महिने दाखवतो.

हेवीवेटला मात्र हा सगळा हिशेब उलटा फिरतो. शमेलिंगला १९३८ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये झोपवणारा जो लुईस २०० पौंडांच्या आत होता, आजच्या क्रूझरवेटमध्ये सहज बसला असता. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरी २६२ पौंडांचा आणि उसिक साडेदोनशेच्या बराच खाली, २२३ च्या घरात. सतरा किलोंचा फरक. लामोटाच्या सात किलोंवरून आपण रॉबिन्सनला सूट देतो, तर हा फरकही वहीत लिहायला हवा.

वजन करण्याची वेळही बदलली आहे. पूर्वी लढतीच्या दिवशी वजन व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं. मधल्या चोवीस तासांत पाणी पिऊन, जेवून माणूस वरच्या गटाचा होऊन रिंगमध्ये येतो. २००० मध्ये आर्तुरो गाटी गमाशविरुद्ध आदल्या दिवशीच्या वजनापेक्षा जवळजवळ वीस पौंड जास्त घेऊन उतरला होता. तेव्हा ‘लहान गटातला विजेता’ म्हटलं की तो कोणत्या वजनावर लढला ते बघा, काट्यावर काय होता ते पुरेसं नाही.

बेल्टबद्दल एकच नियम: बेल्टला भाव नाही, ज्याच्याकडून घेतला त्याला आहे. एकेका संस्थेने ‘सुपर’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन-दोन विजेते मिरवलेत. त्यात डोकं शिणवू नका.

पायरी ५: फिल्म बघा, आवाज बंद करून

क्षमतेचा वाटा इथे ठरतो. समालोचक ज्याच्या बाजूने ओरडतो तो जिंकतोय असं वाटायला लागतं, म्हणून आवाज बंद. स्वतः गुण द्या: राउंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९, कुणी खाली पडला तर बहुधा ८. उसिक-फ्युरीची पहिली लढत यासाठी उत्तम आहे, जजांमध्येच मतभेद झालेली. चौथ्यापासून सातव्या राउंडपर्यंत फ्युरी पोटात ठोसे आणि अपरकट मारून उसिकला मागे रेटतो. आठव्यात उसिकचा डावा हात त्याचं नाक फोडतो आणि नवव्यात फ्युरी दोरांवर आपटत राहतो, रेफरीला मोजावं लागतं.

मी नेमकं हेच शोधतो: आखलेला डाव फसल्यावर माणूस काय करतो. इनोएची डोनेरविरुद्धची २०१९ ची लढत घ्या. दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या हुकने त्याच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं आणि समोर दोन-दोन डोनेर दिसायला लागले. पुढचे दहा राउंड तो त्याच डोळ्याने लढला, आणि अकराव्यात पोटातल्या एका डाव्या हुकने डोनेरला गुडघ्यावर आणलं. किंवा मे २०२४, टोकियो डोम: पहिल्याच राउंडमध्ये नेरीने त्याला पाडलं. इनोए घाईने उठला नाही, गुडघ्यावर बसून आठपर्यंत मोजू दिलं, मग उठला आणि दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या राउंडमध्ये नेरीला पाडून मोकळा झाला. (जपानमधल्या लढती आपल्याकडे दुपारी येतात, व्हेगासच्या रविवारी सकाळी. रियाधसाठी मात्र पहाटे तीनचा गजर. थेट बघितली असेल तरी गुण देण्यासाठी नंतर पुन्हा बघा, झोपेत दिलेले गुण खरे नसतात.)

जुन्यांबाबत अडचण वेगळी. हॅरी ग्रेबच्या लढतीची एकही फिल्म उरलेली नाही. जीन टनीला कारकिर्दीतली एकमेव हार देणारा हा माणूस, आणि आपण त्याला लढताना पाहूच शकत नाही. रॉबिन्सनचा वेल्टरवेटचा खरा बहरही फिल्मवर जवळपास नाही. जे दिसतं तो तिशीतला मिडलवेट रॉबिन्सन, १९५७ मध्ये फुलमरला एका डाव्या हुकने झोपवणारा. मूकपटांच्या काळातल्या फिल्मचा वेगही भरवशाचा नाही, कॅमेरा हाताने फिरवायचे. तिथे क्षमतेचा वाटा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांवरून काढायचा. ग्रेबने कुणाला हरवलं आणि त्या लोकांनी पुढे कुणाला हरवलं, असं मागे-पुढे जात. वेळखाऊ आहे, पण ‘फिल्म नाही म्हणून शून्य’ हा अन्याय आहे.

पायरी ६: हार, आणि न झालेल्या लढती

हारीला वजा करताना तीन प्रश्न पुरेत. भरात होता का? बरोबरीच्या वजनाच्या माणसाशी होती का? परतफेड केली का? जो लुईसला शमेलिंगने १९३६ मध्ये हरवलं, १९३८ मध्ये हिशेब चुकता झाला, त्यामुळे लुईसचं काही गेलं नाही, उलट वाढलं. कानेलोची २०२२ ची बिवोलकडून झालेली हार वरच्या गटातली, थोडंसंच वजा.

न झालेल्या लढती जास्त अवघड. क्रॉफर्ड २०१८ मध्ये वेल्टरवेटला आला तेव्हा बहुतेक मोठी नावं दुसऱ्या प्रमोटरच्या तंबूत होती, आणि स्पेन्ससाठी पाच वर्षं गेली. यात त्याला किती जबाबदार धरायचं? मी थोडंही धरत नाही, पण न मिळालेले गुण उसनेही देत नाही. जो विजय झालाच नाही तो वहीत येत नाही.

जुन्या काळाबद्दल हळवे होणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ‘तेव्हा सगळे सगळ्यांशी लढायचे’ हे धादांत खोटं आहे. जॅक डेम्प्सी सात वर्षं विजेता होता आणि हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी एकदाही लढला नाही. सॅम लँगफोर्डला हेवीवेटच्या जागतिक किताबाची लढत कधी मिळाली नाही, चार्ली बर्लीला तर कुठल्याच गटात नाही, आणि बर्लीने १९४४ मध्ये आर्ची मूरला हरवलं होतं. आज प्रमोटर आणि टीव्हीचे करार आड येतात, तेव्हा कातडीचा रंग आड यायचा. डेम्प्सीला मी यासाठी कापतो आणि लँगफोर्डला किताब नसताना वर ठेवतो, कारण बेल्टला भाव नाही हा नियम इथेही लागू आहे.

पायरी ७: क्रमांक नको, शेजारी शोधा

शेवटी थेट ‘सातवा’ असा आकडा लिहू नका. जोड्या लावा. उसिकसमोर होलीफील्ड ठेवा, दोघेही क्रूझर जिंकून हेवीवेटला निर्विवाद झालेले. प्रतिस्पर्ध्यांची खोली होलीफील्डची जास्त. पण बो आणि लेनॉक्स लुईसविरुद्धचा त्याचा एकूण हिशेब वजाबाकीत जातो, आणि उसिकच्या वहीत वजाबाकीच नाही. माझ्या मते उसिक किंचित वर. मग लेनॉक्स लुईस ठेवा: दोनदा नॉकआउट झालेला, दोन्हींची परतफेड केलेला, दीर्घकाळ अव्वल. इथे उसिक मला खाली दिसतो, कारण हेवीवेटला त्याच्या मोठ्या रात्री मूठभर आहेत. अली आणि जो लुईस यांच्याशी जोडी लावायचीच गरज नाही. म्हणजे उसिक हेवीवेटच्या सहा ते दहा या पट्ट्यात. पण क्रूझर धरून वजननिरपेक्ष यादीत तो आजच्या तिघांत माझ्यासाठी पहिला.

क्रॉफर्डला वेल्टरवेटमध्ये रॉबिन्सन, आर्मस्ट्राँग, लेनर्ड, नापोलेस यांच्या खाली, हर्न्सच्या शेजारी. वजननिरपेक्ष यादीत पंचवीस ते चाळीस. चार जुने गट आणि ४२-० असूनही इतकं खाली का, असं कुणी विचारलं तर त्याचे तिसरा, चौथा, पाचवा विजय पुन्हा वाचायला सांगा.

इनोएसाठी पेन्सिल वापरा. तो अजून लढतोय, आणि लढणाऱ्या बॉक्सरची जागा मी निवृत्तीपर्यंत पक्की करत नाही. मोठ्या लढतीनंतरचे सहा महिनेही यादीला हात लावत नाही. बँटममध्ये त्याची जोडी एडेर जोफ्रेशी लागते. जोफ्रे संपूर्ण कारकिर्दीत दोनदाच हरला, १९६५ आणि १९६६ मध्ये, दोन्ही वेळा जपानच्याच फायटिंग हाराडाकडून. पाच विजयांचा भाव लावला तर इनोए रुबेन ऑलिवारेसच्या बरोबरीला येऊन पोचतो, जोफ्रेच्या खाली एक बोटभर. १२६ च्या गटात जाऊन एखादा पूर्ण भावाचा विजय मिळवला, तर मी ते बोटही काढून घेईन.